‘क्रसी’ आणि ‘आर्की’ने संपणारे अनोळखी इंग्रजी शब्द कसे ओळखावेत

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो. एक व्याख्या दिलेली असते आणि तिच्यासाठी एकच शब्द सांगायचा असतो. श्रीमंतांच्या हाती असलेलं सरकार, म्हाताऱ्यांच्या हाती असलेली सत्ता, मोजक्या लोकांचं राज्य. मुलं या शब्दांच्या याद्या करतात, भिंतीवर चिकटवतात, घोकतात. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री प्लुटॉक्रसी कुठली, ऑटॉक्रसी कुठली, टिमॉक्रसी कुठली, सगळं एकमेकांत मिसळून जातं. माझंही असंच झालं होतं. पुढे मुलांना शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की ही यादी घोकायची गरजच नाही. मराठी बोलणाऱ्याला यातलं निम्मं आधीच येतं, फक्त ते येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे ‘शाही’ नावाचं शेपूट आहे. लोकशाही, हुकूमशाही, नोकरशाही, झुंडशाही, घराणेशाही, सरंजामशाही. यातला एखादा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तरी आपण अडत नाही. शेवटी ‘शाही’ ऐकू आलं, की अलीकडे ज्याचं नाव असेल त्याच्या हाती सत्ता, एवढं आपोआप कळतं. इंग्रजी शब्दांशी नेमकं हेच करायचं आहे.

पहिली पायरी : दोनच शेपटं घ्या

इंग्रजीत शेपटं पुष्कळ आहेत. सगळी एकदम घेतली तर पुन्हा यादीच होईल, म्हणून पहिले पंधरा दिवस दोनच घ्या. एक ‘क्रसी’, स्पेलिंग सी-आर-ए-सी-वाय. दुसरं ‘आर्की’, स्पेलिंग ए-आर-सी-एच-वाय. दोन्ही ग्रीकमधून आली आहेत. ‘क्रातोस’ म्हणजे बळ, सत्ता, त्यातून ‘क्रसी’. ‘आर्खे’ या शब्दाचे दोन अर्थ, आरंभ आणि अंमल. त्यातल्या दुसऱ्या अर्थावरून ‘आर्की’. आरंभाच्या अर्थाशी नातं सांगणारा शब्द आर्किऑलॉजीत भेटतो, जुन्यापुराण्या गोष्टींचा अभ्यास.

दुसरी पायरी : शेपूट नेमकं कुठे कापायचं

इथे बरेचजण चुकतात. ‘क्रसी’च्या आधी बहुतेक वेळा एक ‘ओ’ असतो: डेम-ओ-क्रसी, थी-ओ-क्रसी. तो ‘ओ’ दोन तुकडे जोडण्यासाठी आलेला असतो. तोही कापून बाजूला ठेवा. उरलं ते शब्दाचं डोकं.

‘आर्की’ मात्र स्वतःच स्वराने सुरू होते, त्यामुळे तिला जोडणीचा ‘ओ’ लागत नाही. ‘मोनोस’ म्हणजे एकटा. मॉन आणि आर्की, झालं मॉनर्की. आपल्या संधीत दोन स्वर समोरासमोर आले की काहीतरी घडतंच, तसाच प्रकार.

तिसरी पायरी : डोक्याला ‘शाही’ जोडून मनात मराठी शब्द करा

शब्दकोशातला अर्थ उतरवून घेण्याआधी स्वतःचा मराठी शब्द बनवा. तो ओबडधोबड असला तरी चालेल. ‘थिओस’ म्हणजे देव, म्हणून थिऑक्रसी ही देवशाही. देवाच्या नावाने चालणारा कारभार. हा शब्द पहिल्या शतकातल्या जोसेफस या इतिहासकाराने ज्यूंच्या राज्यव्यवस्थेचं वर्णन करण्यासाठी घडवला. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. ऑटोमॅटिक आणि ऑटोग्राफमध्ये तो रोज भेटतो. म्हणून ऑटॉक्रसी म्हणजे एकट्याच्या मर्जीने चालणारा कारभार.

आपण स्वतः घडवलेला शब्द सहसा विसरत नाही. मुलांकडून हे करून घेताना मला दर वेळी आनंद होतो, कारण त्यातून कधी कधी शब्दकोशात नसलेले सुंदर मराठी शब्द जन्माला येतात.

चौथी पायरी : डोकं कुठल्या ओळखीच्या शब्दात लपलंय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, खरी गंमत इथेच आहे. ग्रीक डोकी परकी वाटतात, पण त्यातली बरीचशी आपल्या घरात आधीच येऊन बसलेली आहेत. कधी डॉक्टरच्या चिठ्ठीतून, कधी वर्तमानपत्रातून, तर कधी थेट संस्कृतमधून.

क्लेप्टॉक्रसी घ्या. गरज नसताना वस्तू चोरण्याच्या मानसिक विकाराला क्लेप्टोमेनिया म्हणतात, हे कुठेतरी वाचलेलं असतं. ‘क्लेप्टेस’ म्हणजे चोर. क्लेप्टॉक्रसी म्हणजे लुटारूशाही. एखादा मंत्री लाच खातो तेवढ्याने ती होत नाही. राज्ययंत्रणाच सत्ताधाऱ्यांची तिजोरी भरण्यासाठी राबवली जाते तेव्हा हा शब्द वापरतात. हुकूमशहा मोबुतू यांच्या काळातल्या झाईरचं, म्हणजे आफ्रिकेतल्या आजच्या काँगोचं, उदाहरण या शब्दाबरोबर हमखास दिलं जातं.

थॅलसॉक्रसी हा शब्द पहिल्यांदा पाहिला की माणूस दचकतो. पण थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार आपल्याला माहीत आहे. ‘थालासा’ म्हणजे समुद्र. हा आजार आधी भूमध्य समुद्राच्या आसपासच्या लोकांमध्ये लक्षात आला, म्हणून त्याच्या नावात समुद्र आला. तर थॅलसॉक्रसी म्हणजे समुद्रावरची सत्ता, आरमारशाही म्हणा. प्राचीन अथेन्स, पुढे व्हेनिस, आग्नेय आशियातलं श्रीविजय ही तिची नेहमीची उदाहरणं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलं आहे, ते ज्याला आठवतं त्याला या शब्दामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

स्ट्रॅटॉक्रसीत ‘स्ट्रॅटोस’ आहे, म्हणजे सैन्य. स्ट्रॅटेजी हा शब्द त्याच घरातला. तिचा मूळ अर्थ सेनापतीचं काम. म्हणून स्ट्रॅटॉक्रसी म्हणजे लष्करशाही. इथे भूगोलातले ‘स्ट्रॅटा’, म्हणजे खडकांचे थर, डोक्यात आणू नका. ते लॅटिनमधून आले आहेत.

आता संस्कृतमधून पटणाऱ्या ओळखींकडे वळू. ग्रीक आणि संस्कृत दूरच्या बहिणी आहेत, त्यामुळे काही डोकी ऐकताक्षणी ओळखीची वाटतात आणि ती ओळख खरी असते.

जेरॉन्टॉक्रसी. ‘गेरोन’ म्हणजे म्हातारा. आपला ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरठ’ म्हणजे वृद्ध, हे त्याचे भाऊबंद. म्हणून हिला सरळ जरठशाही म्हणून टाका, पुन्हा विसरायची नाही. प्राचीन स्पार्टात ‘गेरूसिया’ नावाची सभा होती. साठी ओलांडलेले २८ वृद्ध आणि दोन राजे मिळून ३० जण. अलीकडचं उदाहरण सोव्हिएत संघाचं. ब्रेझनेव्ह नोव्हेंबर १९८२ मध्ये गेले, त्यांच्या जागी आलेले आंद्रोपॉव्ह फेब्रुवारी १९८४ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी आलेले चेर्नेन्को मार्च १९८५ मध्ये. अडीच वर्षांच्या आत देशाचे तीन सर्वोच्च नेते पदावर असताना निवर्तले. जेरॉन्टॉक्रसी म्हणजे काय ते समजावायला मला याहून स्पष्ट उदाहरण सापडलेलं नाही.

ॲरिस्टॉक्रसी आणि काकिस्टॉक्रसी ही जोडी एकत्रच शिका. ‘आरिस्तोस’ म्हणजे सर्वोत्तम आणि ‘काकिस्तोस’ म्हणजे सर्वांत वाईट. दोन्हींच्या शेवटी ‘इस्तोस’ आहे, आणि तो म्हणजे आपला ‘इष्ठ’. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, गरिष्ठ यांत जो ‘इष्ठ’ येतो, तोच ग्रीकमध्ये ‘इस्तोस’ होऊन बसला आहे. ‘सगळ्यांत अमुक’ असं म्हणायचं असलं की दोन्ही भाषा एकच प्रत्यय लावतात. ॲरिस्टॉक्रसी म्हणजे मुळात श्रेष्ठांची सत्ता. पुढे श्रेष्ठ कोण, तर जन्माने मोठा तो, असं होत होत ती उमरावांची सत्ता झाली. काकिस्टॉक्रसी म्हणजे अत्यंत नालायकांची सत्ता. कर्कश गोंगाटाला इंग्रजीत कॅकॉफनी म्हणतात, त्यातलं ‘काकोस’ हेच. फक्त स्पेलिंग सांभाळा: कॅकॉफनी ‘सी’ने सुरू होते, काकिस्टॉक्रसी ‘के’ने. हा शब्द आजकालचा वाटतो, पण इंग्रजीत तो १६४४ सालच्या एका प्रवचनात आढळतो. मग बराच काळ तो अडगळीत होता. २०२४ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं.

प्लुटॉक्रसी म्हणजे धनिकशाही. ‘प्लूतोस’ म्हणजे संपत्ती. प्लुटो हे पाताळाच्या देवाचं नावही त्यातूनच आलं, कारण धान्य आणि धातू दोन्ही जमिनीच्या पोटातून वर येतात. मुलांना मी कुबेरशाही असं सांगते.

टिमॉक्रसीपाशी थोडं थांबावं लागेल. ‘तिमे’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. टिमथी या नावात तोच आहे: देवाचा मान राखणारा. प्लेटोने टिमॉक्रसी हा शब्द मानाच्या आणि पराक्रमाच्या मागे लागलेल्यांच्या राज्याला वापरला. त्याच्या डोळ्यांसमोर स्पार्टा होता. ॲरिस्टॉटलने तोच शब्द, ज्यांच्याकडे ठरावीक मालमत्ता आहे त्यांनाच अधिकार देणाऱ्या व्यवस्थेला लावला. गुरूचा अर्थ मानकऱ्यांची सत्ता, शिष्याचा अर्थ मालमत्तावाल्यांची सत्ता. म्हणून हा शब्द कुठे दिसला, की आधी बोलणारा कोणाच्या बाजूने बोलतोय ते पाहा. घड्याळातल्या टाइमशी याचा काही संबंध नाही.

काही डोक्यांना मात्र किल्ली सापडत नाही. ऑक्लॉक्रसीतलं ‘ओख्लोस’, म्हणजे जमाव, मला तरी दुसऱ्या कुठल्या रोजच्या शब्दात भेटलेलं नाही. ते सरळ पाठ करा. लोकशाही बिघडली की तिची ऑक्लॉक्रसी होते, असं इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगून गेला. तिचाच सोपा इंग्रजी अवतार मॉबॉक्रसी. दोन्हींना मराठीत झुंडशाही चपखल बसतो.

आणि काही डोकी ग्रीक नसतातच. ब्युरॉक्रसीतलं ‘ब्युरो’ फ्रेंच आहे. आधी तो एका जाडाभरड्या लोकरी कापडाचा शब्द होता. ते कापड मेजावर अंथरायचे, म्हणून मेजालाच ते नाव पडलं. मेजावरून कचेरीला आणि कचेरीवरून कारभाराला. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिन्सेंट द गुर्ने यांनी त्याला ग्रीक शेपूट जोडलं. मेरिटॉक्रसीचं डोकं लॅटिन. हा शब्द रूढ झाला तो मायकेल यंग यांच्या १९५८ सालच्या पुस्तकामुळे, आणि त्यांनी तो धोक्याची सूचना म्हणून वापरला होता. गुणवत्तेच्या नावाखाली एक नवा, स्वतःवर खूश असलेला वरचा वर्ग तयार होईल, असं त्यांना म्हणायचं होतं. लोकांनी मात्र तो स्तुतीचा शब्द करून टाकला, आणि २००१ मध्ये यंग यांनी त्याबद्दलची नाराजी लिहून व्यक्त केली. परीक्षेत गुणवत्तेवर आधारलेली व्यवस्था असंच लिहा, पण शब्दाचा हा प्रवास ठाऊक असू द्या.

पाचवी पायरी : ‘आर्की’ आली की आधी मोजा

‘क्रसी’पुढे आपण ‘कोणाची सत्ता’ असं विचारलं. ‘आर्की’पुढे ‘किती जणांची’ हा प्रश्न आधी विचारून पाहा. दर वेळी नाही, पण पुष्कळदा उत्तर सापडतं. मॉनर्की एकाची. ऑलिगार्की मूठभरांची, कारण ‘ओलिगोस’ म्हणजे थोडे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर सत्तेच्या सावलीत गब्बर झालेल्या रशियन उद्योगपतींना ऑलिगार्क म्हणतात, ते यावरून.

पुढचे आकडे तर आपलेच आहेत. ‘दि’ म्हणजे द्वि, ‘त्रि’ म्हणजे त्रि, ‘तेत्रा’ म्हणजे चतुर्, ‘पेंटा’ म्हणजे पंच. ‘हेप्टा’ म्हणजे सप्त. आपल्या शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ ग्रीकमध्ये बऱ्याचदा ‘ह’ होतो. सिंधूचा इराणात हिंदू झाला, तसाच बदल तिकडे स्वतंत्रपणे घडला. आता शब्द लावा. टेट्रार्की म्हणजे चौघांचं राज्य: इ. स. २९३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने साम्राज्याचा कारभार दोन ज्येष्ठ आणि दोन कनिष्ठ सम्राटांत वाटून दिला. हेप्टार्की म्हणजे सात राज्यं: नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया, इसेक्स, केंट, ससेक्स आणि वेसेक्स ही इंग्लंडमधली जुनी अँग्लो-सॅक्सन राज्यं. यातल्या इसेक्स, ससेक्स आणि वेसेक्स यांनाही एक सामाईक शेपूट आहे, ते ‘सॅक्सन’चं: पूर्वेचे, दक्षिणेचे आणि पश्चिमेचे सॅक्सन.

डायार्की तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकातच आहे. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्याने प्रांतांचा कारभार दोन भागांत वाटला. शिक्षण, आरोग्य, शेती अशी खाती मंत्र्यांकडे सोपवली. पोलीस आणि अर्थ अशी खाती गव्हर्नरने आपल्या हाती राखून ठेवली. मराठीत तिला द्विदल राज्यपद्धती म्हणतात. तुरीचा दाणा डोळ्यांसमोर आणा: साल एक, आत डाळिंब्या दोन.

मोजणीच्या बाहेरचे तीन शब्द. पेट्रिआर्की आणि मेट्रिआर्की यांत पितृ आणि मातृ इतके उघड दिसतात, की अर्थ सांगायलाच नको. तिसरा ॲनार्की, आणि तो माझा सगळ्यांत लाडका. संस्कृतात नकार दाखवायला ‘अ’ लागतो, पण पुढे स्वर आला की त्याचा ‘अन्’ होतो: अधर्म, पण अनंत आणि अनादी. ग्रीकमध्ये हुबेहूब हाच नियम आहे. ‘थिओस’च्या आधी नुसता ‘अ’ लागून इंग्रजीत एथिइस्ट झाला, म्हणजे नास्तिक. ‘आर्की’च्या आधी ‘अन्’ लागून ॲनार्की. आपला अराजक हा शब्द त्याच साच्यातून निघालेला आहे. बेबंदशाहीतला ‘बे’ फारसी असला तरी कामाची पद्धत तीच.

सहावी पायरी : फसवी शेपटं बाजूला काढा

आपल्याकडे ‘शिंदेशाही पगडी’ म्हटलं की तिथे पगडी बांधण्याची तऱ्हा सांगायची असते, शिंद्यांचं राज्य नव्हे. इंग्रजीतही असे सापळे आहेत.

इडिओसिंक्रसी कानाला अगदी ‘क्रसी’वाली वाटते. स्पेलिंग पाहा: शेवटच्या ‘वाय’आधी ‘सी’ नसून ‘एस’ आहे. हे शेपूट ‘क्रासिस’चं, म्हणजे मिश्रण. एखाद्याच्या स्वभावाचं खास त्याचं असं मिश्रण, म्हणून इडिओसिंक्रसी म्हणजे त्याची वेगळी खोड किंवा लकब. हिपॉक्रसी म्हणजे ढोंग. तिच्यात ‘ए’च्या जागी ‘आय’ आणि ‘सी’च्या जागी ‘एस’ आहे, आणि ती आली ती नटाच्या अभिनयावरून. ‘आर्की’च्या घरातला भामटा म्हणजे स्टार्ची. स्पेलिंगमध्ये शेपूट पूर्ण जुळतं, पण तो स्टार्चवरून आलेला. बटाट्याला लागू पडतो, राज्याला नाही.

हायरार्की हा सापळा नाही, पण अर्थ सरकलेला शब्द आहे. ‘हिएरोस’ म्हणजे पवित्र. आधी देवदूतांच्या आणि धर्मगुरूंच्या श्रेणींसाठी हा शब्द होता. आता कुठल्याही कचेरीतल्या पदांना लागतो. त्याला आपला उतरंड हा शब्द मला फार आवडतो. एकावर एक रचलेली मडकी, खाली मोठं, वर लहान. फक्त कचेरीत मोठं मडकं वर असतं.

सातवी पायरी : उच्चार आणि माणसाचं नाव

‘आर्ची’ म्हणू नका. आर्किटेक्टला आपण आर्चिटेक्ट म्हणत नाही, तेच स्पेलिंग, तोच उच्चार. ‘क्रसी’वाल्या शब्दांत जोर शेपटाच्या अगदी आधीच्या अक्षरावर पडतो: डिमॉक्रसी, ब्युरॉक्रसी, दोन्हींत ‘ऑ’ ठसठशीत. ‘आर्की’वाल्यांत तो बहुधा पहिल्याच अक्षरावर येतो.

माणसाबद्दल बोलायचं असेल तर ‘क्रसी’चा ‘क्रॅट’ होतो: ब्युरोक्रॅट, टेक्नोक्रॅट. ‘आर्की’चा ‘आर्क’ होतो: पेट्रिआर्क, ऑलिगार्क. ॲनार्की मात्र ॲनार्किस्ट देते. साहजिक आहे, जिथे राज्यकर्ताच नाही तिथे राज्यकर्त्याचं नाव कुठून येणार? तिथे येतो तो त्या विचाराचा माणूस. मॉनर्किस्टही तसाच: तो राजा नव्हे, राजेशाहीचा समर्थक.

आता वही उघडा

एका पानावर चार रकाने आखा: शब्द, डोकं, ओळखीचा नातेवाईक, माझा मराठी शब्द. रोज तीनच शब्द घ्या. तिसरा रकाना रिकामा राहिला तर शब्दावर खूण करून पुढे जा. नातेवाईक महिन्याभराने एखाद्या औषधाच्या पुड्यावरसुद्धा सापडतो.

सुरुवातीला हे चार शब्द सोडवून पाहा: हायरॉक्रसी, गायनेकॉक्रसी, पेंटार्की, थिआर्की. चारही डोक्यांचे नातेवाईक तुम्हाला माहीत आहेत. पहिल्यासाठी मघाची उतरंड आठवा. दुसऱ्यासाठी बायका कुठल्या डॉक्टरकडे जातात ते आठवा. तिसऱ्यासाठी हाताची बोटं मोजा. चौथ्याचं डोकं तिसऱ्या पायरीत येऊन गेलं आहे. मात्र थिआर्की आणि थिऑक्रसी या दोघींना एकच मराठी शब्द देऊ नका. एकीत देव स्वतः राज्य करतो, दुसरीत त्याच्या नावाने माणसं कारभार पाहतात.